पलंग बघायला गेलो तो रविवार

डिसेंबर आला की मला राग येतो. कुणाचा ते आता सांगून उपयोग नाही, ज्यांचा यायचा ती माणसं गेली. पण येतो. पुण्यातल्या या घरात सकाळी खिडकी उघडावी, गार हवा अंगावर यावी, खाली कुणी झाडणाऱ्या बाईने पाचोळा पेटवलेला असावा, की तो धूर मला धरून थेट कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या आमच्या दोन खोल्यांत नेऊन उभी करतो. तेरा वर्षांची, दोन वेण्यांची, दात आवळून उभी असलेली.

कलकत्त्याच्या थंडीचं लोक कौतुक करतात. संत्री, खजुराचा नवा गूळ, उन्हात वाळत घातलेल्या रजया. मला आठवतो तो कोळशाचा धूर. दुपारी चारलाच गल्लीतल्या सगळ्या शेगड्या पेटायच्या, धूर वर न जाता जमिनीलगत बसून राहायचा आणि डोळ्यांतून पाणी काढायचा. ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. वार्षिक परीक्षा संपलेली असायची, निकाल लागायचा असायचा, शाळा नसायची. घरात बसून राहण्याचे दिवस. आणि त्या वर्षी त्या घरात ती आली होती.

तिचं नाव कमल. कराडची. वय सव्वीस, म्हणजे त्या काळाच्या मानाने लग्नाचं वय उलटून गेलेली. भावाच्या घरी राहत होती, वहिनीच्या हाताखाली. आई गेल्यावर माझ्या आत्याने पुण्याहून बाबांचं हे दुसरं लग्न जुळवलं आणि नोव्हेंबरात बाबा आठ दिवसांची रजा काढून गेले ते तिला घेऊनच परतले. बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी होते, कलकत्त्यात बदली होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. माझं सगळं कळतं वय तिथेच गेलं. घरात मराठी, बाहेर बंगाली, शाळेत इंग्रजी. तिला मात्र बंगालीचा एक शब्द येत नव्हता. हिंदी थोडं कळायचं, बोलायची लाज वाटायची.

मला सांगण्यात आलं होतं, आई म्हणायचं. मी काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळच येऊ द्यायची नाही, जवळ जाऊन उभं राहायचं आणि बोलायला लागायचं. शिवाय मी तिला अहो-जाहो करायची. आईला कुणी अहो-जाहो करत नाही. शेजारच्या मराठी बायकांना ते फार संस्कारी वाटायचं. तिला मात्र ते पहिल्या दिवशीच कळलं असावं, कारण तिने कधी नको म्हटलं नाही.

भांडण पलंगावरून होतं. आतल्या खोलीत आईचा शिसवी पलंग होता. आई त्याच पलंगावर दीड वर्ष आजारी होती आणि त्याच पलंगावर गेली. ती गेल्यावर तिची गादी, उशा, दोन गोधड्या बाबांनी गच्चीवर नेऊन जाळल्या. घरमालकाला सांगितलं, ढेकूण झाले होते. पलंग फिनेलने तीनदा धुतला. कमल घरात आली त्या दिवशी तिने पलंगाकडे पाहिलं, विचारलं, "हा त्यांचा का?" बाबा हो म्हणाले. त्या रात्रीपासून तिने खाली चटई टाकली. गारठलेल्या फरशीवर, दोन घोंगड्या घेऊन, तीन आठवडे.

"अगं, पलंग रिकामा आहे," बाबा म्हणत.

"असू दे. मी कुणाच्या जागेवर निजायला आले नाही."

मला वाटे, हिला माझ्या आईची किळस येते. बाहेरच्या खोलीत अंथरुणावर पडल्या पडल्या मी ते वाक्य मनात घोळवत असे आणि माझा राग उबदार होत जाई. थंडीत तेवढीच एक ऊब होती.

शेवटी बाबांनी हार मानली. नवा पलंग घेण्याची ऐपत नव्हती असं नाही, पण त्यांना जुन्या सामानाच्या बाजाराची माहिती होती. सियालदह स्टेशनाच्या पलीकडे एका मोकळ्या मैदानावर दर रविवारी तो भरायचा. साहेब लोक देश सोडून जाताना आपलं सामान विकून गेले होते, जमीनदारांचे वाडे रिकामे होत होते, पूर्वेकडून आलेले निर्वासित बरोबर आणलेलं एकेक विकत होते. ते सगळं त्या मैदानावर येऊन पडायचं. ऐन वेळी बाबांना कचेरीत बोलावणं आलं. म्हणाले, "मालू, तू तिला घेऊन जा. तुला बंगाली येतं. मी तीन वाजता ट्रामच्या थांब्यावर येतो. आवडेल तो ठरवून ठेवा." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तिला परकं वाटू देऊ नकोस."

धर्मतल्ल्याला ट्राम बदलून आम्ही गेलो. बायकांच्या बाकावर ती खिडकीशी, मी दुसऱ्या टोकाला, मधे एक कोबीचा गड्डा घेऊन बसलेली बाई. स्टेशनाबाहेर माणसं राहत होती. पोती टांगून केलेल्या आडोशांत चुली पेटल्या होत्या, एक बाई नळाच्या रांगेत उभ्याउभ्या लेकराचं नाक पुसत होती. कमल तिथे थबकली. "ही माणसं इथेच राहतात?" तिने विचारलं. "मग कुठे जाणार?" मी म्हटलं. माझा आवाज असा होता की जणू त्यांना मीच तिथे बसवलं होतं.

त्या बाजारासारखी खुनशी जागा मी पुढे कुठे पाहिली नाही. प्रत्येक विक्रेत्याला वाटे समोरचा फुकट बघायला आलाय, प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटे आपल्याला लुबाडणार. कलकत्त्याचे जुने दुकानदार निर्वासितांवर खार खाऊन होते, कारण ते पडेल भावाला विकत. निर्वासित त्यांच्याकडे बघत नसत. वस्तूंनासुद्धा एकमेकींचा शेजार नकोसा असावा अशा त्या पडल्या होत्या. चार पट्ट्या नसलेला पियानो, त्यावर लष्करातले गॅसचे मुखवटे, बाजूला पोटातला भुसा बाहेर आलेलं वाघाचं डोकं. पांढरा न्हाणीचा टब, त्यात ग्रामोफोनचे कर्णे. झुंबरं सोडवून त्यांचे लोलक पसाभर विकत होते. कुठल्याशा साहेबाच्या भिंतीवरची तैलचित्रं रांगेने उभी केली होती. दहा-बारा लालबुंद चेहरे, सगळे नाराज. कशाला हात लावला की आवाज यायचा, "घेणार, की नुसतं बघणार?"

तिथे मला प्रथम कळलं की आज माझ्या हातात काय आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ती जे बोलेल ते माझ्यातून जाणार होतं आणि तिला जे ऐकू येईल तेही माझ्यातूनच.

पहिला प्रकार बरणीवरून घडला. पांढऱ्या लुगड्यातली एक बाई जमिनीवर चादर पसरून बसली होती. समोर पाच-सहाच वस्तू. कातरलेल्या सुपारीचा पितळी डबा, समई, एक मोठी चिनी मातीची बरणी, तपकिरी, आतून पांढरीशुभ्र. कमल खाली बसली, बरणीच्या काठावरून बोट फिरवलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. "विचार, कुठून आणलीय. किती छान ठेवलीय त्यांनी." 

मी त्या बाईला बंगालीत म्हणाले, "ही विचारतेय, चोरीचा माल आहे का."

बाईने कमलकडे पाहिलं. रागाने नाही. तिने बरणी स्वतःकडे ओढून घेतली आणि म्हणाली, "माझ्या सासूची आहे. बरिशालहून, सीमेपलीकडून, मांडीवर घेऊन आले. चोरी आम्ही कधी केली नाही."

"काय म्हणतात?" कमलने विचारलं.

"म्हणते, परवडत नसेल तर पुढे व्हा."

कमल उठली. लुगड्याला लागलेली धूळ तिने झटकली आणि पुढे झाली. मी मागे चालत राहिले. मला आनंद झाला होता. हे लिहायला नको वाटतं, पण झाला होता. त्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाईबद्दल मला काही वाटलं नाही. ते वाटायला बरीच वर्षं जावी लागली आणि आता ते जात नाही. कमलवर माझा राग असण्याला कारण होतं. त्या बाईने माझं काय केलं होतं?

मग मी सुटलेच. एका कपाटवाल्याने आदराने बसायला स्टूल दिलं, मी सांगितलं की तो म्हणतो, घ्यायचं नसेल तर वाटेतून बाजूला व्हा. तिने पलंगाच्या पायाला वाळवी लागली आहे का विचारलं, मी विक्रेत्याला सांगितलं, ही म्हणते तुमचं सगळं सामान कुजकं आहे. तिच्याभोवती दुपारपर्यंत मी एक गाव उभं केलं, त्यात सगळे तिच्यावर गुरकावत होते. आणि गंमत अशी की तो बाजार इतका गुरकावणारा होता, की तिला संशय यावा असं त्यात काही नव्हतं.

दुपारी एका पिंपळाखाली बसून आम्ही डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. ऊन पडलं होतं, पण त्यात जोर नव्हता. ती हळूच म्हणाली, "इथली माणसं अशीच का गं? तुला कसं करमतं?" पहिल्यांदाच ती मला असं काही विचारत होती. मी म्हटलं, "मला नाही कुणी असं बोलत." तिने पोळीचा उरलेला तुकडा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

त्यानंतर नंदीबाबूंचं दुकान. दुकान म्हणजे बांबूवर ताडपत्री आणि खाली पलंगच पलंग. नंदीबाबू साठीचे, डोक्यावर माकडटोपी, अंगावर बदामी शाल, तोंडात पान. त्यांनी आम्हाला एक महोगनीचा पलंग दाखवला. उशाकडे द्राक्षांचे वेल कोरलेले, चारी खांब गुळगुळीत. तिला तो मनापासून आवडला हे मला लगेच दिसलं. ती त्याच्या भोवती दोनदा फिरली, खांबावर तळहात टेकून तो हलतो का पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना विचार, ह्याच्यावर कुणी गेलंय का."

हे मी जसंच्या तसं विचारलं. मला तिचा खरा प्रश्नच पुरेसा वाईट वाटला.

नंदीबाबू हसले. पान गालात सरकवून म्हणाले, "मोठ्या घरातली खाट आहे, आई. तीन पिढ्यांची. अशा खाटेवर माणसं जन्मतात, जातातही. नवी नवरीही ह्याच्यावरच बसते. त्यात वाईट काय?"

"काय म्हणतात?"

माझ्या तोंडातून जे आलं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं. "म्हणतात, दुसरेपणावर आलेल्या बाईला मेलेल्यांचीच खाट मिळणार. नवी कुठून मिळेल?"

कमल पांढरी पडली. मग ती सरळ नंदीबाबूंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि मराठीत बोलायला लागली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला लेकीबाळी आहेत ना? सकाळपासून ऐकून घेतेय. पैसे देऊन घ्यायला आलेय, भीक मागायला नाही. बाईमाणसाशी असं बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं?" आजूबाजूचे चार-पाच विक्रेते जमा झाले. नंदीबाबूंना शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. ते उठून उभे राहिले, टोपी काढली. मला म्हणाले, "ही काय म्हणतेय?" मी पायाने माती उकरायला लागले. तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघत, जमेल तसं हिंदीत सांगितलं.

"माँ, हम खराब बात नेही बोला. हम बोला, पुराना खाट में आदमी जनम लेता है, मरता भी है. नया बहू भी बैठता है. इसमें गुस्सा का बात क्या है? बेटी आपको क्या बोली?"

तिला हे कळलं. सगळंच्या सगळं. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं मारेल. त्या जमलेल्या माणसांच्या देखत मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, घरी जाऊन बाबांना सांगता आलं असतं.

"बरणीवाली बाईपण असं बोलली नव्हती," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. "आणि तो कपाटवाला. सकाळपासून."

मी हो अशी मान हलवली.

"का?"

"तुम्हाला माझ्या आईची किळस येते म्हणून," मी म्हणाले. मी रडणार नव्हते. "तिच्या पलंगावर तुम्ही बसत नाही. तिला क्षय झाला हा काय तिचा गुन्हा होता?"

तिने डोळे बारीक केले. "काय झाला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आत्या मला समोर बसवून म्हणाली होती, कुणी विचारलं तर विषमज्वर म्हणायचं, क्षय हा शब्द तोंडातून काढायचा नाही, नाहीतर उद्या तुझंही लग्न व्हायचं नाही. आई गेल्यापासून मी तो शब्द काढला नव्हता. आणि मला वाटत होतं की तिला ठाऊक असणार, ठाऊक आहे म्हणूनच ती चटईवर निजते. तिला काहीच ठाऊक नव्हतं, तिलाही विषमज्वरच सांगितला होता. ती फक्त दुसरीच्या जागेवर निजायला तयार नव्हती, इतकंच.

कमल त्या महोगनीच्या पलंगावर बसली. एकदम नाही, हात मागे टेकून, अंदाज घेत. जमलेली माणसं पांगली. नंदीबाबू पलीकडे जाऊन उगाच एका खुर्चीवरची धूळ पुसत राहिले.

"किती दिवस होत्या आजारी?"

"दीड वर्ष."

"त्या घरात? त्या पलंगावर?"

"हो."

"तू कुठे निजायचीस?"

"पहिल्यांदा तिच्याजवळ. मग डॉक्टर ओरडले, मग बाहेर."

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"बाबांना. आत्याला. आजीला."

"माझ्या भावाला?"

ते मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती समोर बघत राहिली. समोर त्या तैलचित्रांतले साहेबांचे लाल चेहरे होते. ती रडेल असं मला वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर रडण्याची काही तयारी दिसत नव्हती. एक माणूस ओरडत जवळून गेला, त्याच्या खांद्यावर आरसा होता आणि त्या आरशात क्षणभर आम्ही दोघी दिसलो, ती बसलेली, मी उभी. माझी जीत झाली होती. हिला हाकलायचं होतं, त्यासाठी यापेक्षा चांगलं हत्यार मला मिळालं नसतं. पण ती कुठे जाणार, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं. त्या वहिनीच्या घरी?

मी खोकले. थंडीतला साधा खोकला, धुराने होतो तो. तिने झटकन मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हा खोकला कधीपासून आहे?"

"दर थंडीत असतो."

"छातीचा फोटो काढलाय कधी तुझा?"

"नाही."

"नाही," ती म्हणाली. तेवढा एकच शब्द तिने मोठ्याने उच्चारला. मग उठली. नंदीबाबूंकडे गेली आणि मोडक्या हिंदीत, हातवारे करत, मला एकदाही मधे न घेता तिने पुढचा सौदा स्वतः केला. महोगनीच्या पलंगाकडे तिने परत पाहिलं नाही. ताडपत्रीच्या मागे लष्कराच्या मोडीत निघालेल्या लोखंडी खाटा एकीवर एक रचल्या होत्या, बराकपूरच्या छावणीतून आलेल्या. अरुंद, एका माणसाच्या, हिरवा रंग उडालेल्या. तिने त्यातल्या दोन काढायला लावल्या. पट्ट्या वाजवून पाहिल्या. "उकळत्या पाण्याने धुता येतात," ती मला म्हणाली, किंवा स्वतःला. नंदीबाबूंनी किंमत सांगितली, तिने मान हलवली, त्यांनी कमी केली. निघताना ते तिला म्हणाले, "माँ, मन में मत रखिये." तिने हात जोडले.

एका म्हाताऱ्या ठेलेवाल्याने खाटा ठेल्यावर बांधल्या आणि आम्ही थांब्याकडे निघालो. बाबा आधीच येऊन उभे होते, हातात संत्र्यांची पिशवी. लांबून ठेला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग खाटा पाहून गेलं.

"हे काय? दोन?"

"एक माझी, एक हिची," कमल म्हणाली. "तुमचा पलंग तुम्हाला राहू दे."

"अगं, पण हे असलं लोखंडी—"

"विषमज्वर ना?" ती म्हणाली. इतक्या हळू, की ठेलेवाल्यालाही ऐकू गेलं नसेल. "दीड वर्षाचा विषमज्वर मी कधी ऐकला नव्हता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पुढे आयुष्यभर पुरली. त्यांनी ठेलेवाल्याला घरचा पत्ता दिला, मग तिला काही सांगायचा प्रयत्न केला, ट्राम आली, कंडक्टर ओरडला, ती पायरी चढून बायकांच्या बाकावर जाऊन बसली. बाबा पुरुषांच्या बाजूला उभे राहिले. मी मधे, दांड्याला धरून. संत्र्यांची पिशवी ट्राममध्ये राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन इस्पितळात गेली. फोटो स्वच्छ निघाला. मग तिने बाबांना पाठवलं, मग स्वतः गेली. भावाला तिने पत्र लिहिलं. उत्तर आलं की नाही मला माहीत नाही, पण ती माहेरी परत कधी गेली नाही. वर्षभरात ती भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, घरमालकाशी बंगालीत बोलायला लागली, माझ्यापेक्षा बरं. मला तिने कधी जवळ घेतलं नाही. मीही गेले नाही. दर डिसेंबरात, परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी, इस्पितळाच्या त्या थंडगार बाकावर आम्ही दोघी शेजारी शेजारी नंबर येण्याची वाट बघत बसायचो. बाबांशी ती नीट वागायची. जेवायला वाढायची, बटणं लावायची, पाहुण्यांत हसायची. पण घरात त्यांच्यासाठी तिच्या मनाचं दार पुन्हा उघडलं नाही. बाबा त्या शिसवी पलंगावर एकटे निजत. एकदा मला म्हणाले, "तू तिला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं." मी तेव्हा कॉलेजात होते. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं असतंत तर बरं झालं असतं." त्यानंतर आम्ही दोघे तो विषय बोललो नाही, आणि खरं म्हणजे दुसराही कुठला फारसा नाही.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी वीस वर्षांची होते. पहिलं स्थळ एका बँकेतल्या अधिकाऱ्याचं, बदलून आलेलं कुटुंब. पोह्यांच्या बश्या अजून हातात होत्या तेवढ्यात कमल म्हणाली, "एक सांगून ठेवते. मुलीची आई क्षयाने गेली. मुलीला काही नाही, दरवर्षी तपासलंय, फोटो आहेत. पण क्षयाने गेली." त्या लोकांनी पोहे संपवले, छान झालेत म्हणाले आणि गेले. दुसरं स्थळ तर पाणी पिऊनच गेलं. त्या संध्याकाळी मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, तुम्ही माझ्यावर सूड उगवताय. ती तांदूळ निवडत होती.

"उगवतेय," ती म्हणाली. "पण तुझ्यावर नाही."

तिसरं स्थळ कलकत्त्यातच जन्मलेल्या मराठी घरातलं. मुलगा शाळेत शिकवायचा. त्याच्या आईचं मराठी बंगाली वळणाचं झालं होतं, बोलता बोलता अडायची. कमलने तिचं ते वाक्य सांगितलं. बाबा खाली बघत होते. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "आमच्याकडे पण झालं होतं. माझा दीर गेला त्याच्यात."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" कमल म्हणाली.

"तुम्ही विचारलं नाही ना."

"मीही विचारलं नव्हतं, माझ्या वेळेला."

बाबा उठून गच्चीवर गेले. मुलाची आई गोंधळून आमच्याकडे बघायला लागली. कमलने तिला समजावून सांगायचे कष्ट घेतले नाहीत. म्हणाली, "मुलाच्या छातीचा फोटो काढलाय का?"

"नाही."

"काढून आणा. मग बोलू."

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी तो मुलगा एकटाच आला, काखेत मोठं खाकी पाकीट घेऊन. कमलने फोटो बाहेर काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि वरपासून खालपर्यंत त्याची एकेक फासळी बघितली. तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. तो दारात उभा, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. बराच वेळ गेला. मग तिने फोटो पाकिटात घातला आणि मागे न वळता मला म्हणाली, "चहा टाक."